बायपोलरच्या औषधांसाठी कोणती तपासणी: रक्तातली पातळी की जनुकांचं पॅनेल?

बायपोलर (कधी टोकाचा उत्साह, कधी टोकाची उदासी असा मनाचा आजार) आहे की नाही, हे कुठलीच लॅब सांगत नाही. निदान पेशंटशी आणि घरच्यांशी बोलूनच होतं. टीएसएच ही रक्ततपासणी करतात ती थायरॉइडचा दोष नाही ना, हे पाहायला. कोणती तपासणी करायची, हे चिठ्ठीवर कोणतं औषध आहे त्यावर ठरतं.

लिथियम असेल तर रक्तातली पातळी मोजावीच लागते. आजार आटोक्यात ठेवायला साधारण ०.६ ते ०.८ मिलिमोल प्रति लिटर, मेनियाच्या (अति-उत्साहाच्या झटक्याच्या) भरात १.०च्या आसपास, १.५च्या वर विषबाधेचा धोका. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं. रात्री ९ला गोळी, तर सकाळी ९ला सुई. इंदूरमध्ये घरी सॅम्पल न्यायला येणारे बऱ्याचदा साडेसहालाच दारात असतात. तेव्हा आकडा फुगलेला येतो आणि विनाकारण डोस कमी होतो. त्यांना वेळ आधीच सांगा. उपाशी राहायची गरज नाही, पण सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. लिथियम हेपारिनची ट्यूब चालत नाही, कारण ट्यूबमधलंच लिथियम मोजलं जातं. डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी पुन्हा पातळी बघायची. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची तपासणी), टीएसएच आणि कॅल्शियम दर सहा महिन्यांनी.

आपल्याकडे मे-जूनचा उकाडा, जुलाब, निर्जळा एकादशी, मीठ एकदम तोडणं, कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक: या सगळ्यांत मूत्रपिंडं लिथियम धरून ठेवतात आणि रक्तातली पातळी चढते. हात जोरात थरथरले, तोल गेला, जीभ जड झाली, तर पुढची गोळी न घेता थेट इमर्जन्सीत जा. रिपोर्टची वाट पाहू नका.

जनुकांचं पॅनेल लाळेवर किंवा गालाच्या आतून फिरवलेल्या कापसाच्या बोळ्यावर एकदाच होतं आणि महाग असतं. ते मुख्यतः यकृतातल्या, औषधं मोडणाऱ्या सीवायपी एन्झाइमांची जनुकं तपासतं. लिथियम यकृतात मोडतच नाही, जसंच्या तसं लघवीतून जातं. म्हणजे त्याच्याबद्दल हा रिपोर्ट गप्पच राहणार. लॅमोट्रिजिनचंही मोडणं या एन्झाइमांवर अवलंबून नाही. अॅरिपिप्राझोलला मात्र उपयोग आहे: त्यातलं सीवायपी२डी६ हे एन्झाइम मंद असेल तर नेहमीच्या निम्मा डोस देतात. पण ‘तुम्हाला हेच औषध लागू पडेल’ असं सांगणारं पॅनेल विकत असतील, तर त्यावर पैसे घालू नका. अशा दाव्यांबद्दल अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) २०१८मध्येच इशारा दिला होता.

एक जनुकीय तपासणी मात्र आम्ही आग्रहाने करायला सांगू: कार्बामाझेपिन सुरू करण्याआधी एचएलए-बी १५:०२. जनुकाचा हा प्रकार आशियाई लोकांत जास्त आढळतो आणि त्यामुळे कातडी सोलून निघणारी जिवावरची रिअॅक्शन येऊ शकते. औषध कित्येक महिने बिनत्रास चालू असेल, तर आता ही तपासणी करून काही मिळत नाही.

व्हॅल्प्रोएटची पातळी ५० ते १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर धरतात, पण यकृताच्या तपासण्या आणि प्लेटलेट्स जास्त महत्त्वाच्या. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते देण्याआधी गरोदरपणाची तपासणी हवीच. गर्भाच्या मणक्याला आणि मेंदूला त्याने इजा होते.