डे-केअर, पाळणाघर आणि अंगणवाडी: दीड वर्ष वापरून

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हा मी नाशिकला सातपूर एमआयडीसीतल्या कामावर परत रुजू झाले. 2017 पासून 50 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय करणं मालकाला बंधनकारक आहे, आईला दिवसातून चारदा बाळाकडे जाऊनही येता येतं. आमच्याकडे माणसं 22. त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

आधी मोठं डे-केअर घेतलं. महिना 11,000, मोबाइलवर कॅमेरा, एसी खोली. पण दोन महिन्यांत सांभाळणाऱ्या तीन ताया बदलल्या. पोरगी रोज नव्या चेहऱ्याकडे जाताना माझी ओढणी सोडत नसे. कॅमेऱ्यात सगळं दिसायचं, पण ती जेवली का, हे विचारलं तर नेमकं कुणालाच सांगता येत नव्हतं. काढलं तिथून.

मग गल्लीतल्या काकूंचं घरगुती पाळणाघर. 4,500 रुपये, सहा मुलं, सकाळी आठ ते संध्याकाळी सात. मऊ वरणभात काकू स्वतः भरवतात. मला उशीर झाला तर तोंड वाकडं करत नाहीत. सुट्ट्या मात्र त्यांच्या घरच्या कार्यांप्रमाणे. लग्नसराईत माझी फार ओढाताण झाली.

अंगणवाडीबद्दल माझा गैरसमज होता. मला वाटायचं तिथे दिवसभर मूल ठेवता येतं. तसं नाही. तीन वर्षांखालच्या मुलांना घरी नेण्याचा आहार मिळतो. बसवून शिकवणं आणि गरम जेवण तीन ते सहा वर्षांच्या मुलांना, तेही काही तासच. 1975 पासूनची ही योजना आहे आणि एक पैसा लागत नाही. तीन वर्षांची होताच नाव घातलं. पहिल्याच दिवशी सेविकाताईंनी वजन केलं: 11 किलो 400. वजनाच्या तक्त्यावरची खूण हिरव्या, म्हणजे ठीक वजनाच्या पट्ट्यातच होती, पण पिवळ्याच्या, म्हणजे कमी वजनाच्या अगदी जवळ. "भूक लागते का हिला?" असं त्यांनी विचारलं. एवढ्या महिन्यांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं. परवा वजन 12 किलो 600 भरलं. या बायकांना पगार नव्हे, मानधन मिळतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता सकाळी अंगणवाडी, दुपारपासून काकू. 500 जास्त घेऊन त्याच तिला आणतात. तुम्ही शोधत असाल तर फीच्या आधी वेळ विचारा, आणि मूल घ्यायला मधे कोण जाणार ते ठरवा. आमचं सगळं गणित अंगणवाडी आणि काकूंच्या घरामधल्या दोन गल्ल्यांच्या अंतरावर जमलं.