७६ नंबरची जर्सी, दहा वर्षं वापरल्यानंतर

ही जर्सी मी जून २०१६च्या पहिल्या आठवड्यात घेतली. मॉन्ट्रियल कॅनेडियन्स या आइस हॉकी संघाची लाल, घरच्या सामन्यांची, पाठीवर संघाचा बचावपटू सुबान याचं नाव आणि ७६. मुलाचा अकरावा वाढदिवस होता. नाव-नंबर आणि दोन्ही कर धरून दोनशे डॉलरच्या वर गेले. तेव्हा आमच्यासाठी ती रक्कम मोठी होती. २९ जूनला, बुधवारी दुपारी, बातमी आली की पी. के. सुबानला नॅशव्हिलच्या संघाला दिलं आणि बदल्यात त्यांचा बचावपटू शे वेबर घेतला. एकास एक. ना ड्राफ्टमधली, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या फेरीतली निवड, ना तिसरा खेळाडू.

आधी कापडाचं सांगते, कारण घेणाऱ्याला ते कळायला हवं. मी आईच्या शिलाई मशिनीजवळ वाढले, त्यामुळे कुठलाही कपडा हातात आला की आधी उलटा करून बघते. ही जर्सी आतून स्वच्छ आहे. खांद्यावर दुहेरी शिवण, कोपरांवर जाड कापड, काखेत जाळी. छातीवरचा निळा पट्टा आणि त्याच्या पांढऱ्या कडा छापलेल्या नाहीत, वेगळे तुकडे जोडलेले आहेत. म्हणूनच इतक्या धुण्यांनंतरही निळा लालमध्ये उतरलेला नाही. मी मोठ्यांचा मीडियम घेतला होता. तेव्हा तो पोराच्या गुडघ्यापर्यंत यायचा, आता अंगाला बरोबर बसतो. आतून पँटला अडकवायचा पट्टा हवा असेल तर खेळाडूंच्या दर्जाची महाग जर्सी घ्यावी लागते. बघायला जाणाऱ्याला त्याची गरज नाही.

तक्रार आहे ती नाव लावून देणाऱ्या दुकानाबद्दल. नंबर झिगझॅग टाक्याने नीट शिवलेला होता, नावाची पट्टी मात्र कडेला नुसती चिकटवून वरवर टाके मारलेली. दुसऱ्याच धुण्यात एक कोपरा सुटला. दुकानात गेले तर म्हणाले, नाव घातलेला माल परत घेत नाही. मी परत द्यायला गेलेच नव्हते, शिवून मागत होते. बातमी येऊन तेव्हा आठवडा झाला असेल. काउंटरवरच्या माणसाने जर्सी पालथी केली आणि मला एक युक्ती सुचवली. वेबरचा नंबर ६ आहे. ७ काढून टाका, नाव बदला, जर्सी नवी झाली. नव्या नावाचे पैसे अर्थातच वेगळे.

मी घरी येऊन दिव्याखाली बसले आणि टाके उसवायची छोटी सुरी घेतली. ७च्या वरच्या आडव्या दांडीचे सहा टाके काढले असतील. खाली लाल कापडावर सुईच्या भोकांची रांग दिसली. आजूबाजूचं कापड जरा फिकं झालेलं आणि ७च्या खालचं मात्र गडद. सगळा ७ काढला असता तरी त्याची आकृती पाठीवर तशीच राहिली असती. शिवाय ६ उजवीकडे सरकलेला, मधोमध नाहीच. मुलगा शेजारी उभा होता. त्याने विचारलं, ‘पण त्याला का काढलं?’

त्या ‘का’वर आमच्या घरात आजही एकमत नाही.

माझे दीर टोरंटोला असतात, हॉकीचे करार त्यांना तोंडपाठ. त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला. ‘वहिनी, तारीख बघा ना. १ जुलैपासून त्याचा नो-मूव्हमेंट क्लॉज लागू होणार होता. मग त्याच्या होकाराशिवाय हलवता आला नसता.’ हे खरंच आहे. ऑगस्ट २०१४मध्ये सुबानने आठ वर्षांचा, ७ कोटी २० लाख डॉलरचा करार केला होता आणि हे कलम १ जुलै २०१६ला सुरू होत होतं. दोन दिवस राहिले होते. पण भावोजींना मी तेव्हाही म्हटलं होतं, की यातून कधी विकला ते कळतं, का विकला ते नाही.

आकडे घेतले तर गोष्ट आणखी अडते. २०१५-१६मध्ये दोघांचेही ५१ गुण, म्हणजे गोल आणि गोलला केलेली मदत मिळून. सुबानचे ६८ सामन्यांत, वेबरचे ७८ सामन्यांत. सुबान २७ वर्षांचा, वेबर तिशीचा. संघाच्या एकूण पगारांवर लीगची मर्यादा असते, तिला कॅप म्हणतात; सुबान कॅपमध्ये वर्षाला ९० लाख डॉलर खायचा, वेबर साधारण ७८ लाख ५७ हजार. म्हणजे वर्षाला सुमारे ११ लाख ४० हजारांची जागा मोकळी झाली. पण वेबरचा करार २०२५-२६पर्यंतचा, त्याच्या वयाच्या चाळिशीपर्यंतचा! २०१२मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने देऊ केलेला आणि नॅशव्हिलला तोच मान्य करून त्याला राखावं लागलेला, १४ वर्षांचा, ११ कोटी डॉलरचा. पहिल्या चारच वर्षांत नॅशव्हिलने ५ कोटी ६० लाख रोख मोजले होते. उरलेली दहा वर्षं ५ कोटी ४० लाखांत. मालकाच्या खिशाला हे बरं वाटणार, पण कॅपच्या हिशोबात तो आकडा दरवर्षी तेवढाच बसणार, गुडघे चालोत न चालोत.

मॉन्ट्रियल शहरात तेव्हा दुसरंच चालू होतं. सुबानचं ड्रेसिंग रूममध्ये पटत नाही, फार नाचतो, फार बोलतो. फेब्रुवारी २०१६मध्ये कोलोरॅडोविरुद्ध शेवटी शेवटी त्याच्याकडून पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, गेला आणि प्रशिक्षक मिशेल थेरिअन यांनी हार उघडपणे त्याच्या पदरात टाकली. मग प्रशिक्षकामुळे गेला म्हणायचं का? थेरिअननाच फेब्रुवारी २०१७मध्ये काढलं. आठ महिन्यांसाठी दहा वर्षांचा करार कोण घेतो?

माझं मत दहा वर्षांत बदललेलं नाही. २०१५-१६च्या मोसमाची सुरुवात संघाने सलग नऊ विजयांनी केली होती. मग गोली, म्हणजे गोलरक्षक, केरी प्राइसचा गुडघा गेला, नोव्हेंबरनंतर तो खेळलाच नाही आणि संघ प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांतही, पोहोचला नाही. दुखणं गोलीच्या गुडघ्यात होतं. व्यवस्थापक मार्क बर्जव्हिन यांनी ते संघाच्या स्वभावात शोधलं आणि स्वभाव बदलायला शांत, भारदस्त माणूस आणला. वेबर तसा होताच, त्याचं काहीच चुकलं नाही. २०१८मध्ये तो कर्णधार झाला.

नवरा इथे २०२१ काढतो. वेबरच्या हाताखाली संघ अंतिम फेरीत गेला, टँपाकडून हरला. मी तेव्हा दिवाणखान्यात उभी राहून ओरडत होते, त्यामुळे मला गप्प बसावं लागतं. पण सुबानला घेऊन नॅशव्हिल तर पहिल्याच वर्षी, २०१७मध्ये, अंतिम फेरीत पोहोचलं होतं, पिट्सबर्गशी सहा सामने लढलं. पुढच्या मोसमात सुबान सर्वोत्तम बचावपटूच्या नॉरिस ट्रॉफीच्या अंतिम तीन दावेदारांत होता आणि वेबर पायाच्या दुखापतीने २६ सामन्यांवर थांबला. २०२१च्या त्या फेरीनंतर वेबर पुन्हा बर्फावर उतरला नाही. त्याचा करार तेवढा कागदावर एका संघाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला, आधी वेगास, मग ॲरिझोना. भावोजींच्या बाजूने हेही सांगायला हवं, की २०१९मध्ये न्यू जर्सीच्या संघात गेल्यावर सुबानही आधीचा राहिला नाही आणि २०२२मध्ये निवृत्त झाला. करार लांबले की पाय कुणाचेच टिकत नाहीत, असं ते म्हणतात.

मला हिशोबात न बसणारी एक गोष्ट उरते. सप्टेंबर २०१५मध्ये सुबानने मॉन्ट्रियल चिल्ड्रन्स हॉस्पिटलला सात वर्षांत १ कोटी डॉलर उभे करून द्यायचा शब्द दिला होता. आम्ही मुलाला तिथे दाखवायला नेलेलं आहे. तिथल्या भिंतीवरचं सुबानचं नाव वाचता येणाऱ्या पोराला कॅपचा हिशोब समजावणं मला जमलं नाही.

२ मार्च २०१७ला सुबान नॅशव्हिलकडून मॉन्ट्रियलच्या घरच्या मैदानात, बेल सेंटरमध्ये, खेळायला आला. त्याच्यावरची चित्रफीत दाखवली तेव्हा त्याचे डोळे भरले होते. मुलाने टीव्हीसमोर हीच जर्सी घातली होती, नावाची पट्टी तोवर मीच चारही बाजूंनी दुहेरी टाक्याने शिवली होती. सामना आपण शेवटच्या काही सेकंदांत २-१ने जिंकला आणि मुलगा जिंकल्याबद्दलही रडला.

जर्सीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार, नाव लावणाऱ्या दुकानाला दोन. खेळाडूचं नाव घालूनच घ्या, मी पुन्हा घेईन, फक्त करारात बदलीविरुद्धचं कलम कधी लागू होतं ते आधी बघा आणि नावाची पट्टी शिवलेली आहे ना, हे नखाने कोपरा उचलून तपासा. धुताना उलटी करून, गार पाण्यात, ड्रायरमध्ये कधीही नाही.

मुलगा आता २१चा आहे आणि जर्सी त्याच्याच कपाटात असते. ७च्या वरच्या दांडीवरचे सहा टाके माझे आहेत. मूळ दोरा अजून पांढराशुभ्र, माझा किंचित पिवळा पडलाय.