डीएमएसओ-डी६: अमाइड तापवायला उत्तम, थंड करायला निरुपयोगी

अमाइडच्या (कार्बोनिलला नायट्रोजन जोडलेल्या संयुगाच्या) एनएमआर स्पेक्ट्रममध्ये एकाच गटाचे दोन सिग्नल दिसले, की ती भेसळ आहे की रोटामर (कार्बन-नायट्रोजन बंधाभोवती वळलेली त्याच रेणूची दोन रूपं), हे नमुना तापवून पाहिल्यावर कळतं. रोटामर असतील तर सिग्नल रुंदावत जाऊन एक होतात. भेसळ असेल तर दोन्ही सहसा जागच्या जागी राहतात. या कामाला डीएमएसओ-डी६ (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेला डायमिथाइल सल्फॉक्साइड हा सॉल्व्हंट) चांगलाच. तो १८९ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळतो. क्लोरोफॉर्म ६१ अंशांनाच हात टेकतो.

डायमिथाइल अॅसिटामाइडवर याची परीक्षा छान होते. नायट्रोजनवरचे दोन मिथाइल २.७८ आणि २.९४ पीपीएमला (स्पेक्ट्रमवरच्या जागेचं माप) दिसतात, म्हणजे ४०० मेगाहर्ट्झवर ६४ हर्ट्झचं अंतर. त्याला २.२२ ने गुणलं की सिग्नल मिसळतानाचा रोटामर बदलण्याचा वेग मिळतो: सेकंदाला सुमारे १४२. साधारण ९५ अंशांना ते मिसळले, तर रोटामर एकमेकांत बदलण्यातला ऊर्जेचा अडथळा ७५ किलोज्यूल प्रति मोलच्या घरात येतो. हे सूत्र दोन्ही रोटामर समप्रमाणात असतील तरच लावायचं, हे मात्र हमखास विसरलं जातं. डीएमएफच्या (डायमिथाइल फॉर्मामाइड) वाटेला जाण्याआधी प्रोबची (यंत्रात नमुना बसतो तो भाग) कमाल तापमान-मर्यादा बघा: अडथळा ८८ च्या आसपास, त्यामुळे याच यंत्रावर १५० अंश लागतात. ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर १२० पुरतात.

खरी खोट खालच्या टोकाला आहे. हा सॉल्व्हंट २० अंशांच्या आसपास गोठतो. डीईईटीचे (डास पळवणाऱ्या औषधांतलं अमाइड) एथिल सिग्नल खोलीच्या तापमानालाच पसरट असतात. ते सुटे, टोकदार दिसेपर्यंत थंड करायचं, तर इथे ट्यूबमध्ये खडा तयार होतो. अशा वेळी डायक्लोरोमिथेन-डी२ किंवा टोल्युइन-डी८ घ्या. दोन्ही उणे ९० पर्यंत द्रव राहतात.

पाणी हा तर हावरटासारखा ओढतो. ३.३३ पीपीएमचं पाण्याचं पीक तापवल्यावर उजवीकडे सरकतं आणि नेमकं हव्या त्या सिग्नलवर जाऊन बसू शकतं. म्हणून मोठ्या बाटलीपेक्षा एका नमुन्यापुरती सीलबंद अँप्युल बरी. ट्यूबमध्ये ०.६ मिली पुरे. दर टप्प्याला १० मिनिटं थांबून पुन्हा शिमिंग (चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणं) करा, नाहीतर शिमच्या दोषाने फुगलेली रेष रोटामरच्या खात्यात जमा होते. पडद्यावरचं तापमान नमुन्याचं नसतं. ते डीएमएसओ-डी६ मधल्या ८० टक्के एथिलीन ग्लायकॉलवर ताडून घ्या. वरच्या उदाहरणात २ अंशांची चूक अडथळ्यात ०.४ किलोज्यूलची पडते. हर्ट्झमधलं अंतर १० टक्के चुकलं, तरी फरक जेमतेम ०.३ चा.