डालगं की दांड्यांचं खुराडं?

परसात पाच-दहा कोंबड्या पाळायचं ठरलं की जात कोणती, खाद्य काय, लस कधी, हे सगळं लोक विचारून घेतात. रात्रीचा प्रश्न मागे राहतो. डालग्याखाली, म्हणजे बांबूच्या विणलेल्या मोठ्या टोपलीखाली झाकायच्या, की आत दांड्या असलेलं खुराडं बांधायचं? मी दोन्ही वापरलं आहे. आमचं घर रत्नागिरी जिल्ह्यात, मागची बाजू रानाला लागून, आणि पाऊस तर सांगायला नको. त्यामुळे हे सगळं कोकणातल्या अनुभवावरून. देशावरच्या कोरड्या गावात थोडं वेगळं असू शकेल.

झाडाचा विचार आधीच बाजूला ठेवतो. गावरान कोंबडी मोकळी सोडली तर दिवेलागणीला ती फणसावर चढते. उंच जागी झोपायची ही ओढ तिच्यात रानकोंबडीपासून आलेली आहे. पण उदमांजर आणि रानमांजरही झाडावर सहज चढतात, आणि आषाढात रात्रभर भिजलेली कोंबडी सकाळी मलूल दिसते. झाड नको. मात्र ती ओढ लक्षात ठेवा, कारण खरा फरक तिथेच पडतो.

डालग्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. बुरुडाकडून आणलं की त्याच संध्याकाळी कामाला येतं. जागा अडत नाही, पाऊस तिरपा लागला की पडवीत ओढून घेता येतं, मे महिन्यात विणीतून वारा खेळतो. सकाळी रिकामं झालं की धुऊन कडक उन्हात उपडं टाकायचं. पिल्लांच्या कोंबडीसाठी तर याहून चांगलं मला काही सापडलेलं नाही. लहान पिल्लं आईच्या पंखाखाली जमिनीवरच झोपतात, त्यांना दांडीचा उपयोग नाही. वर चांगला जड दगड ठेवला तर रानमांजरही उलथवू शकत नाही. दोन-तीन कोंबड्या असतील आणि घरात सदैव कुणीतरी असेल, तर डालग्यावर भागतं.

माझं मन फिरलं ते एका गोष्टीमुळे. डालग्याची वेळ कोंबड्या ठरवतात. ऊन असताना झाकायला गेलात तर त्या हाती लागत नाहीत, घराभोवती दोन फेऱ्या होतात आणि एखादी कुंपणापलीकडे जाते. अंधार पडू दिलात तर तोवर निम्म्या फणसावर. मधे जेमतेम अर्धा तास मिळतो, आणि तोही वर्षभर सरकत राहतो. डिसेंबरात आमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, जूनमध्ये सातनंतर. रोज त्या वेळेला घरातलं एक माणूस परसात हवंच. बाजारातून यायला उशीर झाला, कुणाच्या घरी दुःखाला जावं लागलं, वाडीत लग्न असलं, की मन कोंबड्यांकडे. शेजारच्या वहिनींना सांगून जायचं म्हटलं तर कोंबड्या त्यांच्या हाताला येत नाहीत. ज्यांनी हे केलंय त्यांना हा जाच किती असतो ते ठाऊक आहे. बाकी सगळे फायदे-तोटे मोजायच्या आत माझा निर्णय इथेच झाला होता.

खुराड्यात हे उलटं होतं. उंच दांडी दिसली की संध्याकाळी त्या आपल्या पायांनी आत जातात आणि वर चढून बसतात. तुम्हाला फक्त दार लावायचं राहतं, आणि ते कुणीही लावू शकतं, शेजारचं पोरसुद्धा. थोडा उशीर झाला तरी कोंबड्या जागेवर असतात. रानाजवळ राहणाऱ्यांनी मात्र त्यावर विसंबू नये, उघड्या दारातून रानमांजर आत शिरू शकतं.

दुसरा फरक विष्ठेचा. रात्रभरात कोंबडी बरीच घाण करते. डालग्यात ती त्याच घाणीत बसते, पावसाळ्यात खाली अंथरलेलं गोणपाट ओलं राहतं, पोटाची पिसं चिकट होतात आणि सकाळी डालगं उचललं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो. तो वास कोंबडीच्या छातीलाही चांगला नाही. दांडीवरून सगळं खाली पडतं. खाली भाताचा तूस पसरून ठेवला की काढायला सोपं जातं, आणि कुजवल्यावर माडांना उत्तम खत होतं.

खुराड्याची उणी बाजू सांगायलाच हवी. खर्च जास्त, आणि सांध्यांमध्ये गोचीड आणि बारीक लाल किडे घर करतात. दिवसा ते फटीत लपतात, रात्री झोपलेल्या कोंबडीचं रक्त पितात. डालगं उन्हात टाकता येतं, खुराडं नाही. म्हणून दांड्या खिळ्यांनी ठोकू नका, खाचेत सुट्या बसवा. त्या काढून उन्हात घालता येतात, आणि टेकूच्या जागा चुन्याने सारवता येतात. बाजूंना साधी कोंबडीजाळी लावली तर तिच्या भोकांतून साप आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डेड जाळी महाग पडते, पण तीच लावा.

दांडी कशी असावी यावर बरंच अवलंबून आहे. गोल गुळगुळीत बांबूवर कोंबडीचे पाय घसरतात. दोनेक इंच रुंद, कडा घासून गोल केलेली लाकडी पट्टी मला बरी वाटते. तिच्यावर कोंबडी पाय पोटाखाली झाकून नीट बसते. दर कोंबडीला एक वीत जागा धरा. सगळ्या दांड्या एकाच उंचीवर असाव्यात. शिडीसारख्या लावल्या तर वरच्या जागेवरून रोज भांडण होतं आणि खालच्यांच्या अंगावर घाण पडते. गावरान कोंबड्या तीन-चार फुटांवर आरामात चढतात. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाची गिरिराज किंवा हैदराबादची वनराज ही जात असेल तर दीड-दोन फूट पुरे. अंगाने जड पक्षी उंचावरून उडी मारतो तेव्हा तळपाय दुखावतो, मग सूज आणि गाठ. अंडी घालायची पेटी दांडीपेक्षा खालीच हवी, नाहीतर कोंबड्या तिच्यातच झोपतात आणि अंडी माखतात.

म्हणून मला विचाराल तर, चारपेक्षा जास्त कोंबड्या असतील आणि घरातली माणसं कामाला बाहेर जात असतील, तर खुराडं बांधा. एक डालगं तरी ठेवाच, अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी पिल्लं घेऊन उतरली की लागतं.

नव्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, पहिल्या काही रात्री जमिनीवर कोपऱ्यात गोळा होऊन बसतात. काळोख झाल्यावर एकेकीला उचलून दांडीवर ठेवायचं. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे त्या खाली उतरत नाहीत. बाजारातून आणलेल्या मोठ्या कोंबड्या असतील तर आधी काही दिवस त्यांना दिवसाही खुराड्यातच कोंडून खायला घाला, मग मोकळ्या सोडा. सगळ्यात आधी वर चढणारी एखादी जुनी कोंबडी सोबत असली तर काम लवकर होतं.