औरंगपुऱ्यातून आणलेलं गुन्हेशास्त्राचं गाईड: पाचपैकी अडीच स्टार

एलएलएमच्या पेपरासाठी हे मराठी गाईड घेतलं. दुकानदार म्हणाला, "घ्या ताई, पेपरात यातूनच येतंय." येतं खरं. पण मी अंबाजोगाईला कोर्टात पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या, केसेस बघते, त्यामुळे 'लैंगिक गुन्हेगारांचे प्रकार' हे प्रकरण नुसतं पाठ करून पुढं जाणं काही जमलं नाही.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ निकोलस ग्रोथची १९७९ची मांडणी झकास उतरवलीय. बलात्काऱ्यांचे तीन प्रकार: राग, सत्ता आणि परपीडन. बलात्काराच्या मुळाशी वासनेपेक्षा समोरच्याला नमवायची किंवा राग काढायची गरज असते, हे त्याचं म्हणणं दोन परिच्छेदांत डोक्यात बसतं. नाइट आणि प्रेंटकी या संशोधकांनी पाडलेले बलात्काऱ्यांचे नऊ प्रकार मात्र एका तक्त्यात कोंबलेत. त्यातल्या संधिसाधू, म्हणजे संधी मिळाली म्हणून गुन्हा करणाऱ्या, गटाचे दोन भाग समाजात वावरायची कुवत बघून पाडलेत, हे कुठं लिहिलेलंच नाही. मग पोरं नुसती नावं घोकणार.

खरी खोट पुढंच आहे. हे गट पाडले ते अमेरिकेत पकडल्या गेलेल्या, तुरुंगात किंवा उपचार केंद्रात असलेल्या पुरुषांवरून. ज्याच्याविरुद्ध तक्रारच झाली नाही, तो यातल्या एकाही रकान्यात नाही. गाईड यावर चकार शब्द काढत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी ब्युरोच्या अहवालांत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी ओळखीचा निघतो. आणि मुखपृष्ठावर काय, तर अंधारात उभा टोपीवाला अनोळखी! आमच्याकडच्या फाइली उघडा. आईबाप ऊसतोडीला गेलेले, पोरगी आजीजवळ, आणि आरोपी रोज घरी चहाला येणारा चुलता. तो 'सत्ता' गटातला की 'संधिसाधू'? दोन्हीकडं बसतो. एकच माणूस दोन गटांत बसतो ही अशा वर्गीकरणांवरची जुनी टीका आहे. पुन्हा गुन्हा करण्याचा धोका मोजायला 'स्टॅटिक-९९'सारखी गुण देणारी साधनं वापरतात, त्यांना इथं मोजून एक ओळ.

'सुधारित आवृत्ती'चं स्टिकर झळकतंय, आत जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ३७६च. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४पासून लागू आहे, बलात्काराची शिक्षा आता कलम ६४मध्ये. एवढं तरी बघायचं होतं.

परीक्षा तोंडावर असेल तर घ्या. शोधनिबंध लिहिणाऱ्यांनी ग्रंथालय गाठावं. आणि बाइंडिंग कच्चं आहे, नेमकं हेच प्रकरण सुटून हातात येतं.