आरसिंक आठ महिने वापरल्यावर: काम चोख, पण ऑप्शनची नावं नीट वाचा

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे. चार सीएनसी (प्रोग्रॅमवर चालणारी कटिंग मशीन), डिझाइनचा एक कॉम्प्युटर आणि ड्रॉइंग-प्रोग्रॅमची रोजची कॉपी ठेवायला एक जुना सर्व्हर. गेले आठ महिने ही कॉपी आरसिंक नावाच्या फाइल कॉपी करणाऱ्या टूलने होते. हे टूल १९९६ पासून आहे. फाइलचा बदललेला भाग तेवढाच नेटवर्कवरून पाठवतं, त्यामुळे पहिली रात्र सोडली तर काम काही मिनिटांत उरकतं. त्याबद्दल तक्रार नाही. मला लिहायचंय ते ऑप्शनच्या, म्हणजे काम कसं करायचं हे कमांडला सांगणाऱ्या शब्दांच्या, नावांबद्दल.

सुरुवातीला स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कमांड लिहून ठेवलेल्या फाइलमध्ये, मी एकाक्षरी ऑप्शन ठेवले होते: ए, व्ही, एन. स्क्रिप्ट चालवायचे रात्रपाळीचे काका. एकदा म्हणाले, "भाऊ, प्रोग्रॅममध्ये एम झिरो थ्री दिलं की स्पिंडल घड्याळाच्या दिशेने फिरणार, मशीन कुठलंही असो. तुझ्या ह्या एनचं काय?" प्रश्न रास्त होता. मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडमध्ये एन म्हणजे ओळींचे क्रमांक, ओळी क्रमाने लावणाऱ्या सॉर्टमध्ये आकड्यांप्रमाणे क्रम, आरसिंकमध्ये नुसती रंगीत तालीम. मी एन खोडून 'ड्राय-रन' लिहिलं आणि समजावायचं काही उरलंच नाही, कारण काकांच्या पॅनेलवर त्याच नावाचं बटण आहे. एवढंच सांगितलं, की मशीनच्या ड्राय रनमध्ये स्लाइड खरोखर हलते. इथे एकही फाइल हलत नाही, काय झालं असतं ते फक्त दिसतं.

'डिलीट'ने मात्र रडवलं. तिसऱ्या महिन्यात एक जुनं ड्रॉइंग सर्व्हरवरून परत आणायचं होतं. मी स्क्रिप्टमधली दोन्ही ठिकाणं उलटी केली आणि डिलीट तसंच राहिलं. जिथून कॉपी होते तिथे जी फाइल नाही, ती जिथे कॉपी होते तिथूनही पुसायची, असा त्याचा अर्थ. त्या दिवशीची नवी ड्रॉइंग अजून सर्व्हरवर गेलीच नव्हती. ती सगळी डिझाइनच्या कॉम्प्युटरवरून गेली, आणि दोन दिवस बसून पुन्हा काढावी लागली. चूक माझीच. पण कुठल्या बाजूचं पुसणार हे त्या नावात नाही, हेही खरं. ह्याच टूलमध्ये 'रिमूव्ह-सोर्स-फाइल्स' आहे. वाचताक्षणी कळतं कुणाकडच्या फाइल जाणार. एका शब्दाचा फरक, पण तो शब्द असता तर माझा हात थांबला असता असं मला मनापासून वाटतं.

दुसरी जोडी 'इग्नोअर-एक्झिस्टिंग' आणि नुसतं 'एक्झिस्टिंग'. पहिलं म्हणतं, तिकडे आधीच असलेल्या फाइलना हात लावू नकोस. दुसरं म्हणतं, तिकडे नसलेली फाइल नव्याने बनवू नकोस. घाईत वाचणाऱ्याला दोन्ही सारखीच वाटतात. दुसऱ्याला 'इग्नोअर-नॉन-एक्झिस्टिंग' असं पर्यायी नाव आहे. लांबलचक आहे, पण मी तेच वापरतो.

टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, स्वतःपुरतं टाइप करताना एकाक्षरी ऑप्शन चालतात. स्क्रिप्टमध्ये आता सगळी पूर्ण नावं आहेत, आणि सोबत 'मॅक्स-डिलीट' ५० वर ठेवलंय, म्हणजे त्याहून जास्त फाइल पुसल्या जात नाहीत.

आमच्या स्क्रिप्टलाही दोन ऑप्शन द्यायचे होते. मी 'सर्व्हरवर' आणि 'सर्व्हरवरून' सुचवलं. काकांनी साफ नाही म्हटलं. पहाटे तीनला शेवटचं अक्षर कोण बघतं? आता 'जतन' आणि 'परत-आण' आहे. 'परत-आण'मध्ये डिलीट नाही, आणि ते आधी ड्राय-रन दाखवून विचारल्याशिवाय पुढे जात नाही.