साधी सळई की जस्तलेपित?

गोव्यात हरमलला किनाऱ्यालगत घर बांधणारा माझा मावसभाऊ काँक्रीटमध्ये घालायच्या सळईच्या या निवडीत अडकला आहे. खाऱ्या हवेतील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की ती गंजते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाहून कित्येक पट असल्याने काँक्रीट आतून तडकते. साधी सळई स्वस्त, पण तिला आधार केवळ काँक्रीटच्या आवरणाचा. जस्त आधी स्वतः झिजते, त्यामुळे लेप खरचटला तरी लोखंड काही काळ वाचते. मात्र खर्च वाढतो आणि कापलेल्या टोकांना जस्तयुक्त रंग लावावा लागतो. आयएस ४५६ या काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानकानुसार किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटमध्ये सळईवर किमान ४५ मिलिमीटर आवरण हवे. तेथे कसर केली, तर जस्तही फार काळ तग धरणार नाही, हे मी त्याला कळकळीने सांगितले. समुद्रापासून आत असलेल्या फोंडा, साखळीकडे साधी सळई पुरते. समुद्रासमोरच्या सज्जांना जस्तलेपितच घ्यावी.